रिकाम्या टाकीतला पिवळा मासा

"माणसांनी आंघोळ पाच मिनिटांत उरकायची, आणि दगडांची मात्र सकाळपासून चाललीय."

बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं आणि सासूबाई दाराच्या इतक्या जवळ उभ्या होत्या की त्यांचं पुटपुटणं थेट माझ्या मानेवर पडत होतं. मी स्टुलावर बसून बादलीत खडी धूत होते. सहा पाणी काढली तरी बादलीतून चहाच निघत होता, तोही दूध जास्त झालेला. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. त्याचं दुसऱ्याच खेपेला स्वच्छ निघालं होतं. व्हिडिओवाल्यांची खडीसुद्धा गुणी असते.

"हे शेवटचं पाणी, आई."

"मला काय करायचंय! किती वाजले तेवढं सांग."

"हात ओले आहेत हो माझे. घड्याळ काढून ठेवलंय."

"घ्या. घड्याळवाल्याचं घर हे, आणि वेळ विचारायला शेजारी जायचं."

सासऱ्यांना सगळे घड्याळवालेच म्हणतात. बाजाराच्या कोपऱ्यावर, कुलूपवाला आणि शिंपी यांच्या मधे, कपाटाएवढं त्यांचं दुकान आहे. एक्केचाळीस वर्षं ते त्या कपाटात बसतायत. एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि समोर ॲल्युमिनियमच्या गोल डब्यांत उघडून ठेवलेली लोकांची घड्याळं. सासूबाईंचं घड्याळ चावीचं होतं, नखाएवढ्या तबकडीचं. सहा महिन्यांपूर्वी बाबांनी ते तेलपाणी करायला म्हणून त्यांच्या मनगटावरून काढून नेलं. "उद्या देतो," म्हणाले. तेव्हापासून आमच्या घरात उद्या उजाडलेला नाही. सासूबाई शेजारीण, दूधवाला, फोनवर चुकून लागलेला माणूस, दिसेल त्याला वेळ विचारतात. दहा मिनिटांत दोनदा विचारतात. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची पांढरी खूण होती, तीही आता पुसट झालीय.

टाकीचं खूळ माझं. मी अर्धा दिवस एका दातांच्या डॉक्टरांकडे पेशंटची नावं पुकारते. तिथल्या बाहेरच्या खोलीत झाडं लावलेली माशांची टाकी आहे. तिची काच पुसणं कधीतरी माझ्या कामात आपसूक येऊन बसलं. दाढ ठणकत आलेला माणूससुद्धा त्या टाकीपुढे पाच मिनिटं कण्हायचा थांबतो, हे मी रोज बघते. मुलगी शिकायला होस्टेलवर गेली आणि घरात तीन मोठी माणसं उरली, ज्यांची काळजी मी घेते पण जी ते कबूल करत नाहीत. सत्तेचाळिसाव्या वर्षी मला घरात असं काहीतरी हवं होतं, जे माझ्याकडे बघेल आणि तरी "टॉवेल कुठाय?" असं विचारणार नाही.

नवऱ्याने विरोध केला नाही. ते लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे कुठल्याही गोष्टीचं पहिलं त्यांना वजन दिसतं.

"दोन फुटी टाकी म्हणजे पाणी, खडी, काच धरून ऐंशी किलो," ते म्हणाले. "म्हणजे आई, आणि वर एक सिलिंडर."

"माझं वजन मधे कशाला आणायचं?" आतून आवाज आला.

त्यांनी लोखंडी पट्ट्यांचा स्टँड जोडला, खाली एक फळी ठोकली आणि त्यावर स्वतः उड्या मारून दाखवल्या. ऊन थेट येत नाही आणि प्लग हाताशी आहे अशी जागा हॉलमध्ये एकच होती, बाबांच्या खुर्चीशेजारची. बाबांनी खुर्ची एक वीत सरकवून दिली. "येऊ दे," म्हणाले. "मलाही सोबत."

टाकीचं सामान जिथून आणलं त्या दुकानाच्या बाईंना मी मनात थांबाबाई म्हणते. त्यांच्या दोन्ही बाह्या कायम कोपरापर्यंत ओल्या असतात आणि त्यांच्याइतकं गिऱ्हाइकाला परत पाठवणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

"मासे?" त्या म्हणाल्या. "थांबा. आधी झाडं लावा. पाणी भरा. फिल्टर चालू करा. दिवा आठ तास. आणि मग महिनाभर काही करू नका."

"महिनाभर रिकामी टाकी ठेवू?"

"रिकामी कुठे? पाणी मुरायला नको? माशांची घाण खाणारे जंतू आधी फिल्टरमध्ये वस्तीला यावे लागतात. ते आले नाहीत तर मासे स्वतःच्याच घाणीने मरतात. मग तुम्ही इथे येऊन मला बोलणार."

"पण मासेच नसतील तर जंतू खाणार काय?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. "रोज सकाळी चिमूटभर खाद्य टाकायचं. ते कुजतं. जंतू येतात."

म्हणजे मासे नसलेल्या टाकीत रोज नेमाने माशांचं खाणं घालायचं. हे मी घरी सांगितल्यावर सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "पाहुण्यांचा पत्ता नाही आणि ही ताटं वाढतेय." बाबा तेव्हा दुकानात होते. हे सगळं बोलणं झालं तेव्हा बाबा दुकानात होते, हे लक्षात ठेवायला हवं. आम्ही ठेवलं नाही.

झाडं लावायची ती सकाळ मात्र मी विसरणार नाही. बारा रोपं होती, केसासारख्या मुळांची. खाली माती, वर खडी, त्यावर चार बोटं पाणी. मी चिमट्याने एक रोप खोचलं की आधीचं सुटून वर येई. अर्ध्या तासात बारापैकी नऊ तरंगत होती आणि मी तोंडाने जे बोलत होते ते दातांच्या दवाखान्यात पेशंटसुद्धा बोलत नाहीत.

"चिमटा सरळ घालतेयस," खुर्चीतून बाबा म्हणाले. "आवाजावरून कळतंय. आण इकडे."

ते उठले, बाही वर केली आणि पाण्यात हात घातला. एका हाताने मुळांचा अंदाज घेतला, दुसऱ्या हाताने चिमटा तिरका आत घातला, सोडताना किंचित थरथरवला आणि तसाच मागे ओढला. रोप जागचं हललं नाही. मग दुसरं. मग तिसरं. तोंड सगळा वेळ खिडकीकडे होतं. बारा रोपं लागली आणि एकही वर आलं नाही.

"बघितलंस?" नवरा माझ्या कानाशी म्हणाले. "हातात काय जादू आहे अजून. न बघता."

न बघता. हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला आणि आम्ही दोघांनीही तो ऐकला नाही.

बाबांनी मला त्यांची एक डबीसुद्धा दिली, घड्याळाचे भाग ठेवायची, घट्ट झाकणाची. "खाद्य यात ठेव. ओल लागणार नाही." मी डबी स्टँडच्या फळीवर ठेवली. खडीवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी ओतत टाकी भरली. दोन दिवस पाणी गढूळ राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी निवळलं आणि दिव्याखाली हिरवं, स्वच्छ, अगदी रिकामं असं काहीतरी आमच्या हॉलमध्ये उभं राहिलं. मी डबी उघडली, चिमूट टाकली, झाकण लावलं. बाबा खुर्चीत चहा पीत होते. त्यांनी टाकीकडे तोंड वळवलं.

"वा," म्हणाले. "छान आहेत गं. तो पिवळा जरा वांड दिसतोय."

टाकीत एक पिवळं पडलेलं पान होतं. फिल्टरच्या धारेत सापडून ते गोल गोल फिरत होतं.

माझ्या हातात डबी तशीच. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या. ज्या बाईने लग्नात माझ्या मामाला "टक्कल लपवायला टोपी कशाला, आम्ही पाहिलंय" असं तोंडावर सांगितलं होतं, त्या बाईने तोंड उघडलं आणि मिटलं. नवरा मोजे घालत होते. एक मोजा घालून झाला, दुसरा हातात.

"हो बाबा," ते म्हणाले. "वांडच आहे तो."

असा तो मासा आमच्या घरात जन्माला आला.

आता हे मूर्खपणाचं वाटेल, म्हणून सांगते. बाबांना कमी दिसतंय याची शंका आम्हाला सहा महिने होती. त्यांनी तीन चष्मे बदलले आणि तिन्ही वेळा चष्मेवाल्यालाच काही येत नसल्याचं जाहीर केलं. मग हल्लीच्या वर्तमानपत्रात वाचण्यासारखं काही नसतं असं म्हणून त्यांनी पेपर सोडला. हे खरंच असल्यामुळे कोणाला वाद घालता आला नाही. शिंपी एकदा मला रस्त्यात गाठून म्हणाला, घड्याळवाले आताशा पट्टे आणि सेल तेवढे बदलतात, बाकी सगळ्यांना भाग मिळत नाही म्हणून परत पाठवतात. नवऱ्याने एकदाच, जेवताना, डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं. बाबांनी हात धुतला. "भिंगातून दिसायचं थांबलं की त्या दिवशी मी शटर खाली ओढीन," म्हणाले. "कुणी सांगायची गरज नाही." नंतर तीन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत.

आणि ते बोलल्याप्रमाणे करणारे आहेत. शेजारच्या आधीच्या कुलूपवाल्याने हात कापायला लागले म्हणून दुकान बंद केलं, तेव्हा आम्ही पाहिलं होतं. चार महिन्यांत तो माणूस अंथरुणाला खिळला. काही झालं नव्हतं त्याला. सकाळी उठून जायला जागा नव्हती, एवढंच. त्याला भेटून आल्यावर सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे हा विषय काढायचा नाही." सासूबाईंनी न काढायचा असा तो या घरातला पहिला विषय.

मी मात्र गुपचूप विचारून आले होते. दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "माणूस बघितल्याशिवाय मी काय सांगू? कदाचित साधं असेल, महिन्याभरात पुन्हा भिंग लावतील. कदाचित नसेल. पण नसेल तर एकेक आठवडा महत्त्वाचा. थांबू नका." एक बाई मला थांबा सांगत होत्या आणि एक डॉक्टर थांबू नका. त्यातलं मी बाईंचं ऐकलं. ते सोपं होतं, त्यात फक्त खाद्य टाकायचं होतं.

तर, पिवळा. एकदा मासा आहे म्हटल्यावर त्याला वागवावं लागतं. बाबा रोज सकाळी चहा घेऊन टाकीपाशी बसत आणि चौकशी करत. रोज माझ्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज त्यांच्या कानावर पडे. ज्या टाकीत कोणी नेमाने खाणं घालतं तिथे खाणारे असणारच, यात त्यांची काय चूक? चूक आमची, आणि ती आम्ही तिघांनी आवडीने वाढवली. नवऱ्याने दुसऱ्या आठवड्यात एक निळा आणला.

"तो फार लाजाळू आहे बाबा. झाडामागेच असतो. मलासुद्धा क्वचित दिसतो."

हे त्यांना मोठंच चातुर्य वाटलं. मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, "सगळेच लाजाळू करून टाकायला हवे होते. पिवळ्याने घोटाळा केला."

"पिवळा तुमच्या वडिलांनी आणलाय," मी म्हटलं. "त्याला बोलायचं नाही."

टाकी तिकडे तिच्या गतीने बिघडत होती. नवी झाडं कुजल्यासारखी वितळायला लागली. पानं पारदर्शक होऊन सुटून येत. काचेवर तपकिरी साय धरली. एका रोपाबरोबर गोगलगाय आली होती, तिने कोणालाही न विचारता संसार वाढवला. मी धावत दुकानात गेले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "जुनी पानं जातातच. मुळं धरली असतील तर नवी येतील. उपटून बघू नका. आणि चिमूटभर लोखंड द्या त्यांना, बाटलीत मिळतं. झाडांनाही लागतं."

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाली मासे न विकणारी?"

"थांबा म्हणाल्या."

"किती वाजले?"

"सव्वापाच."

त्या टाकीकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "इतकं रिकामं असून किती काम असतं गं याला."

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सासूबाईंचा धीर सुटला. सत्य बोलायची त्यांची सवय इतकी जुनी होती की खोट्याचं ओझं त्यांना पेलवेना, आणि खरं सांगायचंही नव्हतं. मग त्यांनी मधला मार्ग काढला. सकाळी बाबांना चहा देताना एकदम म्हणाल्या, "तुमचा तो निळा गेला."

"गेला?"

"पहाटे गेला. मी टाकून आले."

बाबांनी कप खाली ठेवला. "मला तो नीट बघायलाच मिळाला नाही," असं म्हणाले. चहा तसाच राहिला आणि ते छत्री घेऊन दुकानात गेले. छत्री कशाला ते कळलं नाही, आकाश कोरडं होतं. हल्ली ते छत्री घेऊनच जातात, तिचं टोक टेकवत.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. कधीच नसलेल्या माशासाठी घरात दोन माणसं खरोखर दुःखी झाली होती, आणि मी तिसरी.

संध्याकाळी नवऱ्याने निळ्याला परत आणला. "अहो बाबा, आईने दुसरंच काहीतरी टाकलं. पान असेल. निळा झाडामागे होता!"

"हो का?" बाबांचा चेहरा उजळला. "तुझ्या आईला नाही नीट दिसत."

सासूबाई हे ऐकून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिल्या. सगळी घासलेलीच होती.

पाचव्या आठवड्यात मी थोडं पाणी बाटलीत भरून दुकानात नेलं. बाईंनी नळीत घेऊन त्यात थेंब टाकले, नळी उजेडात धरली. पिवळसरच राहिलं. घाण असती तर हिरवं झालं असतं. "मुरलं," त्या म्हणाल्या आणि मला पदक दिल्यासारखं हसल्या. "न्या मासे. पहिल्या खेपेला थोडेच."

"एक पिवळा हवाय. वांड. आणि एक निळा, लाजाळू."

"स्वभावावर नाही मिळत मासे."

"मग रंगावर द्या. स्वभावाचं आम्ही बघतो."

शनिवारी दुपारी, बाबा दुकानात असताना, नवरा अर्धा दिवस रजा काढून आले आणि आम्ही चार मासे आणले. एक पिवळा, एक निळा, दोन त्यांच्या सोबतीला. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून आम्ही तिघं टाकीपुढे बसलो. वीस मिनिटांनी पिशवी उघडली. पिवळा बाहेर आला तो सरळ फिल्टरच्या धारेत घुसला, फेकला गेला, आणि पुन्हा घुसला. नवऱ्याने माझा हात घट्ट धरला.

"वांड आहे," ते म्हणाले.

"आता खोटं संपलं ना?" सासूबाईंनी विचारलं.

"संपलंच की आई. आता सगळं खरं आहे."

आमची खरंच अशी समजूत झाली होती. महिनाभर आम्ही जे सांगत होतो ते आता टाकीत पोहत होतं, तेव्हा आमच्यावर कसला आळ येणार! बाबा घरी आले तेव्हा आम्ही तिघं इतके सहज बसलो होतो की त्यांनी विचारलं, "काय झालंय?"

त्या संध्याकाळी मी आणखी एक गोष्ट पाहिली आणि तिचा अर्थ लावायचा टाळला. बाबा खुर्ची टाकीला अगदी चिकटवून बसले होते. घरातला सगळ्यात प्रखर उजेड आता टाकीच्या दिव्याचा होता. त्यांच्या मांडीवर रुमाल पसरलेला होता, त्यावर एक डबी उघडी, आणि काहीतरी चिमट्याने उचलून ते दिव्याजवळ धरत होते, कानाशी नेत होते, पुन्हा खाली ठेवत होते. मी आत आले तसं त्यांनी झाकण लावलं आणि डबी स्टँडच्या फळीवर ठेवून दिली. फळीवर माझी डबी आधीच होती. दोन्ही गोल, दोन्ही ॲल्युमिनियमच्या.

दुसरा दिवस रविवार. दुकान बंद. सकाळी सासूबाई हॉलमध्येच भाजी चिरत बसल्या होत्या, नवरा पेपरमध्ये होते, मी दारात उभी राहून हात पुसत होते.

"आज मी घालतो गं त्यांना खायला," बाबा म्हणाले.

त्यांनी फळीवर हात फिरवला, डबी उचलली, झाकण उघडलं. चिमूट घेतली आणि पाण्यावर बोटं चोळली, रोज मी चोळते तशी. माझं चोळणं ऐकून ऐकून ते शिकले असणार.

पाण्यात सोनेरी काहीतरी पडलं. पिवळा सगळ्यांच्या आधी वर आला, बाबांनी महिन्याभरापूर्वी सांगितलं होतं अगदी तसा. त्याने ते तोंडात घेतलं, विचार केला, आणि थुंकून टाकलं. एक इवलंसं दातेरी चाक दिव्याखाली गरगरत, चमकत झाडांमध्ये खाली उतरलं. त्यामागे दुसरं. एक स्क्रू, राईएवढा. मी ओरडायला हवं होतं. मी बघत राहिले, बाबांच्या चेहऱ्याकडे. लहान मुलाला भरवतानाचा चेहरा होता तो.

दुसऱ्या चिमटीतलं एक चाक पाण्यात न पडता काचेच्या कडेवर आपटलं.

टिक.

बाबांचा हात हवेतच थांबला. एक्केचाळीस वर्षं तो आवाज त्यांनी ऐकलाय. पितळ काचेवर पडलं की कसं वाजतं, आणि किती लहान पितळ पडलं की कसं, हे त्यांना झोपेतही कळतं. त्यांनी बोटं एकमेकांवर घासली. मग डबीत बोट घातलं, तळाशी फिरवलं. मान खाली गेली, आणि पुन्हा वर आली तेव्हा चेहऱ्यावर दुकानदाराचं हसू होतं.

"मुद्दामच टाकली," ते म्हणाले. "जुनी चाकं होती, पडलेली. शोभेला. चमकतात ना?"

पेपर खाली आला. "चमकतात की बाबा," नवरा म्हणाले. त्यांचा आवाज लिफ्ट अडकल्यासारखा मधेच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "मस्त दिसतंय. असं विकतसुद्धा मिळत नाही."

"हो ना," मी म्हटलं. "आणि झाडांना लोखंड लागतंच बाबा. त्या दुकानवाल्या बाई म्हणाल्याच होत्या."

चाकं पितळेची होती, हे मला माहीत होतं. बाबांना माझ्याहून जास्त माहीत होतं. पण आम्ही तिघंही नाटकातल्या माणसांसारखे झटकन आपापल्या जागी जाऊन उभे राहिलो होतो. आता काही क्षण गेले असते तर निभावलं असतं. बाबांनी झाकण लावलं असतं, मी दुसरी डबी हातात दिली असती, सोमवारी ते छत्री टेकवत दुकानात गेले असते. आणखी एक आठवडा.

सासूबाईंनी विळी बाजूला सरकवली आणि उठल्या.

त्या पाण्याला त्यांनी आजवर बोट लावलेलं नव्हतं. "गोगलगायींच्या त्या काढ्यात मी हात घालायची नाही," असं सांगून ठेवलं होतं. त्यांनी सरळ कोपरापर्यंत हात घातला. मासे सैरावैरा पळाले. निळा झाडामागे जाऊन लपला तो दिसेनाच. खडीत त्या चाचपडत राहिल्या. बाबांनी लावलेलं एक रोप त्यांच्या धक्क्याने उपटलं आणि वर येऊन तरंगायला लागलं. कोणी त्याच्याकडे बघितलं नाही. पाणी त्यांच्या कोपरावरून फरशीवर ठिबकत होतं.

हात बाहेर आला तेव्हा तळव्यावर एक चाक होतं, तिळाएवढं. त्यांनी ते उजेडात धरलं.

"हे माझ्या घड्याळाचं," त्या म्हणाल्या.

"अगं नाही, जुनं कुठलं तरी..." बाबा म्हणाले.

"आई, असू दे ना," नवरा म्हणाले.

त्यांनी दोघांकडेही लक्ष दिलं नाही. बाबांचा हात हातात घेतला, ते ओलं चाक त्यांच्या तळव्यावर ठेवलं आणि त्यांची बोटं एकेक करून मिटली. मिटलेल्या मुठीवर आपला ओला हात तसाच ठेवून त्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या.

"किती वाजले, किती वाजले करत सहा महिने मी साऱ्या जगाला विचारत फिरतेय," त्या म्हणाल्या. आवाज इतका हळू, की असा आवाज त्यांच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. "तुम्हाला एकदाही विचारलं नाही. अहो, तुम्हाला दिसत नाही."